सेड्रिक ड्रॅगनब्लेड परत का आला, आणि मोरेंनी आता काय पाठवावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मोरे, दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी ओहायोला आलात, ऑफिसमधल्या मित्राबरोबर एससीएच्या, म्हणजे मध्ययुगातलं जगणं हौसेनं पुन्हा उभं करणाऱ्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझमच्या एका इव्हेंटला गेलात आणि त्यात रमलात. मग तिथे वापरायला 'लॉर्ड सेड्रिक ड्रॅगनब्लेड' हे नाव आणि ढालीचं डिझाइन नोंदणीसाठी पाठवलंत (अर्धी ढाल काळी, अर्धी निळी, मधे लाल ड्रॅगन, बाजूला तलवार, करड्या लांडग्याचं डोकं आणि सोनेरी चंद्र). मिसेसनी 'लेडी फिओना' पाठवलं. सगळं परत आलं. तुम्ही विचारलंय की आम्ही भारतीय आहोत म्हणून तर नाही ना, आणि मराठी नाव दिलं तर आणखी अडेल का.

पहिल्याचं उत्तर नाही. मी गेली ११ वर्षं हे काम करते, आधी आमच्या गावच्या ग्रुपची हेरल्ड होते आणि आता वरच्या लेव्हलला आलेली नावं नि आर्म्स (म्हणजे ढालीवरची निशाणं) तपासते. हेरल्ड म्हणजे आपल्या दरबारातला ललकारी देणारा चोपदार, आणि शिवाय कुणाचं निशाण कोणतं याची वही ठेवणारा कारकून, असं दोन्ही. तुमच्या फॉर्ममधल्या चुका मला दर महिन्याला दिसतात आणि बहुतेक वेळा त्या इथेच जन्मलेल्या माणसांच्या असतात. पण पहिल्यांदा परत आलेला फॉर्म हातात पडला की काय वाटतं ते मला माहीत आहे, माझंही पहिलं नाव परत आलं होतं आणि मी पंधरा दिवस कुणाशी त्या विषयावर बोलले नव्हते, त्यामुळे तुमच्या मनात ही शंका येणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

खरा घोळ वेगळा आहे. तुम्ही समजताय की आम्ही 'हे मध्ययुगीन वाटतं का' असं बघतो. आम्ही ते बघतच नाही. आम्ही बघतो की त्या काळी असं नाव कुणी ठेवलं होतं याचा कागद आहे का, आणि ही ढाल लांबून ओळखू येईल का नि ती आधीच दुसऱ्या कुणाची नाहीये ना. 'वाटणं' हे आपल्याला सिनेमांनी आणि गेम्सनी शिकवलेलं असतं, आणि कागद पुष्कळदा त्याच्या उलट निघतो. टिफनी हे नाव ऐकलं की मॉलमधली मुलगी डोळ्यांसमोर येते ना? ते थिओफानियावरून आलंय, ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिश्चन सणाच्या सुमारास जन्मलेल्या मुलींना ठेवायचे, १३व्या शतकातल्या इंग्लंडच्या कागदांत सापडतं. आणि फिओना, जे सगळ्यांना जुनं आयरिश वाटतं, ते १८व्या शतकात मॅकफर्सन या स्कॉटिश कवीच्या काव्यात पहिल्यांदा दिसतं. म्हणून मिसेसचं अडलं.

आता सेड्रिक. तुम्ही पुरावा म्हणून बाळांच्या नावांच्या साइटचं पान जोडलंय. त्या साइटवर अर्थ असतो, 'शूर नेता' वगैरे, पण अर्थाचा आम्हाला काही उपयोग नाही, तारीख पाहिजे. इंग्लंडातल्या वेसेक्सचा एक जुना राजा होता सर्डिक. वॉल्टर स्कॉटने १८१९ सालच्या कादंबरीत एका पात्राला सेड्रिक नाव दिलं, बहुधा सर्डिकचीच अक्षरं इकडची तिकडे होऊन, आणि लोक ते नाव मुलांना ठेवायला लागले ते त्यानंतर. आमच्याकडे रेघ १६०० सालची आहे, १६०० ते १६५० मधला पुरावा असेल तर तोही धरतात. त्या रेघेच्या आधीचा सेड्रिक नावाचा हाडामांसाचा माणूस तुम्ही दाखवला नाहीत, एवढंच परत यायचं कारण आहे.

'लॉर्ड' तर लगेच काढा. एससीएमध्ये तो किताब आहे, एससीएच्या विभागांचे, म्हणजे किंगडमचे, राजाराणी तो देतात, अवॉर्ड ऑफ आर्म्स हा सन्मान मिळाल्यावर नावापुढे लागतो. नोंदणीच्या नावात कुठलाच किताब नसतो. सर, नाइट, हेही तसंच, कारण ते आमच्याकडे मैदानात कमवावं लागतं.

राहिलं ड्रॅगनब्लेड. इंग्लंडात लोकांना उपनाव कसं पडायचं? गावावरून, बापावरून, धंद्यावरून, नाहीतर दिसण्या-वागण्यावरून. मराठी माणसाला हे समजवायला मला कधीच वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे गोरा कुंभार आहे, सावता माळी आहे, नरहरी सोनार आहे, 'नामयाची जनी' आहे. तीच गोष्ट. जॉन द स्मिथ म्हणजे जॉन लोहार. ड्रॅगनचं पातं असं उपनाव शेजारीपाजारी कुणाला ठेवतील? लोक जे डोळ्यांनी बघतात त्यावरून ठेवतात. पण तुम्हाला तलवारच पाहिजे असेल तर ती आहे की! जॉन राजाचा सावत्र भाऊ विल्यम, सॉल्जबरीचा अर्ल, १२२६ साली वारला, त्याला लाँगेस्पे म्हणायचे, लाँगेस्पे म्हणजे लांब तलवार. निकोलस ब्रेकस्पिअर होता, भाला मोडणारा, तो ११५४ साली पोप झाला, आजवरचा एकमेव इंग्रज पोप. ही खरीखुरी उपनावं आहेत आणि मला विचाराल तर ड्रॅगनब्लेडपेक्षा कितीतरी रुबाबदार आहेत.

पण थांबा, कारण तुमच्या बाबतीत मला याहून चांगलं काहीतरी दिसतंय. तुमचं आडनाव तुम्ही पासपोर्टवर रोमन लिपीत चार अक्षरांत लिहिता ना, अगदी त्याच चार अक्षरांत थॉमस मोर आपलं आडनाव लिहायचा, आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर, ज्याचं १५३५ साली डोकं उडवलं. उच्चार वेगळा, अक्षरं तीच. म्हणजे 'रॉबर्ट मोर' असं नाव घेतलंत तर ते १५व्या-१६व्या शतकातल्या लंडनचं बिनतक्रार इंग्लिश नाव आहे आणि तरी ते तुमच्या आजोबांचं आडनाव आहे. थॉमस मात्र घेऊ नका, एवढा प्रसिद्ध माणूस असला की ते नाव राखून ठेवलेलं असतं. आणि साधं 'रॉबर्ट मोर' कुणीतरी आधीच नोंदवलेलं असू शकतं, म्हणून मागे एक गाव जोडून ठेवा, 'रॉबर्ट मोर ऑफ व्हिटबी' असं काहीतरी. रॉबर्टचा पुरावा शोधायला इंग्लंडचे पॅरिशचे (म्हणजे गावोगावच्या चर्चचे) बाप्तिस्मा-लग्नाचे रजिस्टर बघा, ते १५३८ सालापासून सुरू होतात आणि त्यात पोत्यानं नावं आहेत. एक काळजी घ्या. आडनावांच्या कोशात ठळक अक्षरात जे वर छापलेलं असतं ते आजचं स्पेलिंग असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरात साल आणि कागदाचं नाव असतं, आम्हाला ती बारीक ओळ पाहिजे असते. फॉर्मबरोबर त्या ओळीचा फोटो जोडलात तर निम्मे प्रश्न आम्ही विचारणारच नाही.

आणि मराठी नाव चालतं का, तर हो, चालतं, आणि मला ते आलेलं फार आवडेल. १६००च्या आधीचा पुरावा पाहिजे हा नियम तोच. फरक इतकाच की इंग्लिश नावांचं काम शंभर लोकांनी आधी करून ठेवलंय, मराठी नावाचं तुम्हाला स्वतः करावं लागेल, आणि वाचणाऱ्या हेरल्डला मराठी येत नाही हे धरून प्रत्येक ओळीचं भाषांतर द्यावं लागेल. पण सामान आपल्याकडे मजबूत आहे. १३व्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्रात माणसंच माणसं आहेत, नागदेव, सारंगपंडित, आणि बायकांची तर बघा, महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा. शेवटी 'आइसा' लागतं हा एक नमुनाच झाला ना, आणि नमुना दाखवता आला की हेरल्ड खूश होतो. मिसेसना फिओनाच्या जागी 'उमाइसा' सुचवून बघा, मला तरी वाचतानाच छान वाटतं. १७व्या शतकाच्या सुरुवातीच्या महजरांत, म्हणजे न्यायनिवाड्याच्या कागदांत, 'अमुक बिन तमुक' असं बापाचं नाव जोडलेलं सापडतं, तो उपनावाचा नमुना म्हणून वापरता येतो. एकट्या नावावर भागत नाही, पहिलं नाव आणि कमीत कमी एक उपनाव लागतं. आणि हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तुमच्या कायदेशीर नावातला भाग ज्या जागी आहे त्याच जागी वापरायची सोय आहे, लायसन्सची कॉपी जोडायची. म्हणजे 'नागदेव मोरे' करायचं असेल तर नागदेवला लीळाचरित्र आणि मोरेला तुमचं ओहायोचं ड्रायव्हिंग लायसन्स.

यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्ही कोण व्हायचं ठरवताय यावर आहे, ते मी ठरवू शकत नाही. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी गाव आणि साल ठरवा, नाव त्याच्यामागून येऊ द्या. आधी नाव ठरवून मग त्याला शतक शोधत बसलं की तुमच्यासारखं होतं.

आता ढाल. याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण खरी मजा इथे आहे.

रंगांचे दोन गट असतात. सोनं आणि चांदी हे धातू (कागदावर पिवळा आणि पांढरा), आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. नियम असा की धातूवर रंग किंवा रंगावर धातू, पण रंगावर रंग नाही, धातूवर धातू नाही. हा नियम मी इथल्या लोकांना समजावताना चित्रं काढते, तुम्हाला पैठणी पुरेल. पैठणीचं अंग रेशमाचं, त्यावर बुट्ट्या जरीच्या. पदर जरीचा, त्यावर मोर रंगीत रेशमाचे. जरीवर जरीचा मोर विणला तर दिसेल का? आणि जांभळ्या रेशमावर काळ्या रेशमाची बुट्टी? बस, तोच नियम. यालाही अपवाद आहे, जेरुसलेमच्या राज्याचे आर्म्स चांदीवर सोन्याचे क्रॉस असे होते, पण तो इतका नावाजलेला अपवाद आहे की आजही नियम शिकवताना तोच सांगतात.

तुमची काळी-निळी जमीन (म्हणजे ढालीचा मागचा रंग) आहे ती तशी चालून जाते, उभे दोन भाग कुठल्याही दोन रंगांचे करता येतात. पण तिच्यावर लाल ड्रॅगन म्हणजे रंगावर रंग. तुमचं डिझाइन मी छापून गॅरेजच्या दारावर चिकटवलं आणि ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभी राहिले, साधारण वीस पावलं. हे मी प्रत्येक डिझाइनचं करते. ड्रॅगन दिसलाच नाही. एक चांदीची रेघ दिसली, ती तलवार, आणि एक पिवळा ठिपका, तो चंद्र. लांडगा कुठे आहे हे मला माहीत असूनही सापडला नाही, कारण तुम्ही तो करडा केलाय आणि करडा रंग हेरल्ड्रीच्या, म्हणजे निशाणांच्या शास्त्राच्या, या यादीत नाहीच, लांडगा पांढरा करा. त्या काळची माणसं डोक्यावर लोखंडी टोप घालून धुळीत लढत होती, चेहरा दिसायचा नाही, ढाल हाच चेहरा. स्क्रीनवर झूम करून सुंदर दिसणारी ढाल तिथे कामाची नाही.

दुसरं म्हणजे गर्दी. आमच्याकडे एक साधी बेरीज आहे, ढालीवर किती प्रकारच्या वस्तू आहेत आणि किती रंग-धातू आहेत ते मोजायचं आणि बेरीज ८च्या वर गेली की बहुतेक वेळा अडतं. तुमच्या ४ वस्तू (ड्रॅगन, तलवार, लांडगा, चंद्र), आणि रंग-धातू काळा, निळा, लाल, चांदी, सोनं असे ५, करडा तर धरलाच नाही. झाले ९. शिवाय ड्रॅगनच्या बाजूला तलवार, लांडगा, चंद्र अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पंगतीत बसवल्यात, तसं करत नसत. एका पंगतीत एकाच जातीच्या वस्तू असायच्या, फार तर दोन जातींच्या.

त्या काळच्या ढाली किती साध्या असत हे बघायला मघाच्याच लाँगेस्पेकडे परत जाऊ. सॉल्जबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याची दगडी मूर्ती आडवी झोपलेली आहे, डाव्या हाताला लांबट ढाल, तिच्यावर सहा सिंह, निळ्यावर सोन्याचे. दुसरं काही नाही. आणि त्याचे आजोबा जेफ्री ऑफ अँजू, त्यांना ११२८ साली इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीने नाइट केलं तेव्हा गळ्यात सोनेरी सिंहांची ढाल घातली अशी नोंद आहे, आणि फ्रान्समध्ये ल माँला त्यांच्या थडग्यावरचा मीनाकाम केलेला पत्रा आजही म्युझियममध्ये आहे, त्यावरही निळ्या ढालीवर सोन्याचे सिंह. आजोबाचं निशाण नातवाकडे आलं. आर्म्स वंशपरंपरेने चालायला लागल्याच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांत हे धरतात.

आता तुमच्या ढालीवर काय असावं? मोर! यात विचार करण्यासारखं काय आहे? नावावर कोटी करणारे आर्म्स, ज्याला इथे कँटिंग म्हणतात, हे मध्ययुगात कायम चालायचं आणि हेरल्ड लोकांचा तो जीव की प्राण आहे. स्पेनमधल्या कॅस्टिलच्या ढालीवर किल्ला, कारण कॅस्टिल म्हणजेच किल्ला, आणि लिऑनच्या ढालीवर सिंह, कारण लिऑन म्हणजे सिंह. जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन घराण्याच्या ढालीवर चक्क हत्ती, कारण त्यांच्या जुन्या भाषेत हत्तीला हेल्फांट म्हणायचे. आणि थॉमस मोरच्या घराण्याच्या ढालीवर मूरकॉक नावाचे तीन काळे पक्षी, मोर-मूर अशी कोटी. इंग्लंडातल्या मोरांनी पक्षी घेतला आणि तुमच्याकडे तर सरळ मोरच आहे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्री साडेअकराला मी नवऱ्याला उठवून सांगितलं.

एकच सांभाळा, मोर म्हणजे निळा असं आपल्या डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे तुम्ही निळ्या जमिनीवर निळा-हिरवा मोर काढून पाठवाल. तसं नको. एक तर जमीन निळी आणि मोर सोन्याचा, नाहीतर जमीन सोन्याची आणि मोर निळा. मोर समोर तोंड करून पिसारा फुलवलेला काढा, त्याला 'पीकॉक इन हिज प्राइड' म्हणतात, तो त्या काळच्या हेरल्ड्रीत नेहमीचा आहे आणि पिसाऱ्याच्या गोलामुळे ढाल छान भरते.

पण नुसता निळ्यावर सोन्याचा मोर कुणीतरी नोंदवलेला असायची शक्यता बरीच आहे. साध्या ढालीचा हा एक त्रास. दोन ढालींमध्ये साधारण दोन ठळक फरक लागतात, जमिनीचा रंग बदलला हा एक फरक, वर पट्टी आली हा दुसरा, असं. हा हट्ट कशासाठी, असं मला पुष्कळ जण चिडून विचारतात. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर स्वारीला गेला, त्या सैन्यात स्क्रोप आणि ग्रोव्हनर अशा दोघांच्या ढाली तंतोतंत एक निघाल्या, निळ्यावर सोन्याचा एक तिरका पट्टा. खटला उभा राहिला तो १३९० पर्यंत चालला, शेकडो साक्षी झाल्या, आणि त्यात १३८६ साली कवी जेफ्री चॉसरनेही साक्ष दिली की आपण लंडनला फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना हे निशाण बाहेर टांगलेलं बघितलं, स्क्रोपनी इथे मुक्काम केलाय का असं विचारलं, तर कळलं की हे ग्रोव्हनरचं आहे, आणि ते नाव आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला, ग्रोव्हनरला निशाण बदलावं लागलं, त्याने गव्हाची पेंढी घेतली. भर रस्त्यात चॉसरसारख्या माणसाचा गैरसमज झाला, तर युद्धात काय होईल. म्हणून तो हट्ट.

तेव्हा माझी सूचना अशी, निळी जमीन, सोन्याचा पिसारा फुलवलेला मोर, वरच्या कडेला चांदीची आडवी पट्टी (तिला चीफ म्हणतात) आणि पट्टीवर तीन लाल चंद्रकोरी, म्हणजे तुमचा चंद्रही राहिला. मोजून बघा, वस्तू ३, रंग-धातू ४, बेरीज ७. रंगावर धातू, धातूवर रंग, सगळं जागच्या जागी. मी वरवर शोधलं तेव्हा आड येणारं काही दिसलं नाही, पण तो शोध नीट व्हायला हवा आणि तुमच्या गावचा हेरल्ड तो करून देईल. आधी जरूर त्याच्याकडे जा, तुम्ही मागच्या वेळी थेट पाठवलंत. तिथून ते किंगडमला जातं, मग जगभरचे हेरल्ड त्यावर शेरे लिहितात आणि शेवटी दर महिन्याच्या बैठकीत नावांचा निर्णय पेलिकन आणि आर्म्सचा निर्णय रीथ अशा हुद्द्यांचे दोन अधिकारी देतात. परत आलं तर कारण लेखी मिळतं. ते पत्र फेकू नका, पुढच्या फॉर्मला तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

हे सगळं मी एससीएपुरतं सांगितलं. दुसरे ग्रुप असतात, उदाहरणार्थ इंग्लंडात वॉर्स ऑफ द रोझेसचे (१५व्या शतकातल्या तिथल्या यादवी युद्धाचे) ग्रुप, तिथे बऱ्याचदा तुम्ही कुणा सरदाराचे शिपाई असता आणि त्याच्याच रंगाचा अंगरखा घालता, स्वतःच्या आर्म्सचा प्रश्नच येत नाही. आणि स्कॉटलंडला आर्म्स हा अजूनही कायद्याचा विषय आहे, तिथे लॉर्ड लायनचं, म्हणजे तिथल्या मुख्य हेरल्डचं, कोर्ट बसतं, तेव्हा तिकडे कधी गेलात तर ढाल मिरवायच्या आधी चौकशी करा.

आता या शनिवारी करायचं काम. फॉर्म प्रिंट करा आणि मुलांचे साधे क्रेयोलाचे मार्कर घेऊन हाताने रंगवा. प्रिंटरचा निळा पुष्कळदा जांभळ्याकडे झुकतो, आणि निळा की जांभळा अशी शंका आली तर कागद तेवढ्यावरून परत येतो. मोराच्या अंगावर काळ्या बारीक रेघा हव्या तेवढ्या काढा, त्या मोजत नाहीत. पण पिसाऱ्यातले डोळे निळे-हिरवे करू नका, सोन्याचा मोर सगळा सोन्याचा. आणि उत्तर यायला काही महिने लागतील, तेवढ्यात लाकडाची ढाल रंगवू नका नि झेंडा शिवायला देऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने आधी ढाल रंगवली, चांगले ऑइल पेंट आणून, तीन रविवार बसून, आणि मग दुसऱ्या कुणाशी जुळते म्हणून ती परत आली, ती ढाल अजून त्याच्या बेसमेंटमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे. रंगवलेला कागद आधी मला दाखवा, मी गॅरेजच्या दारावर लावून वीस पावलांवरून बघून सांगते.